सात विरुद्ध चार : गोव्याच्या प्रश्नावर राष्ट्रांनी हात कसे वर केले

१.
सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, पुणे–सोलापूर लोहमार्गावर, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम हे गाव आहे. तिथल्या मतदाराला, महाराष्ट्रातील कोणत्याही गावकऱ्याप्रमाणे, मत देण्याच्या दोन रीती ठाऊक असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आडोशाला जाऊन बटण दाबायचे. कोणी कोणाला मत दिले हे कळत नाही. ग्रामसभेत ठराव आला की मात्र सर्वांदेखत हात वर करायचा. कोणाचा हात वर गेला, कोणाचा खाली राहिला आणि कोण ऐन वेळी उठून बाहेर गेला, हे गाव पुढे कित्येक वर्षे विसरत नाही.

२.
संयुक्त राष्ट्रसंघातही याच दोन रीती आहेत. सदस्य निवडायचे असतील तर गुप्त मतपत्रिका. ठरावाचा निर्णय करायचा असेल तर उघड मतदान. प्रत्येक देशाचे मत नावानिशी नोंदले जाते आणि ते इतिवृत्त कायम राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला या नोंदी म्हणजे मोठा ठेवा वाटतो. पण त्या वाचायच्या कशा, हे शिकावे लागते. त्यासाठी मराठी माणसाच्या सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत झालेले मतदान.

३.
या मतदानाविषयी दोन कथा सर्रास सांगितल्या जातात. पहिली अशी, की वसाहतवादाविरुद्ध सारे जग भारताच्या बाजूने उभे राहिले. दुसरी अशी, की सारे जग विरुद्ध गेले आणि एकट्या रशियाने भारताला वाचवले. इतिवृत्तातील आकडे पाहिले तर दोन्ही कथा अपुऱ्या ठरतात.

४.
आधी थोडी पार्श्वभूमी. १५१० पासून गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली आणि स्वातंत्र्यलढ्याला नवे वळण मिळाले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखी महाराष्ट्राच्या घराघरात परिचित असलेली माणसे होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले संबंध तोडले, पण सैन्य पाठवले नाही.

५.
पोर्तुगालचा बचाव कायद्याच्या शब्दांवर उभा होता. १९५१ मध्ये त्याने आपल्या राज्यघटनेत बदल केला आणि ‘वसाहती’ हा शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ हा शब्द आणला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. सनदेनुसार, ज्या देशाच्या ताब्यात अस्वायत्त प्रदेश आहेत त्याने तेथील स्थितीची माहिती राष्ट्रसंघाला पाठवावी लागते. तुमच्याकडे असे प्रदेश आहेत काय, या प्रश्नाला पोर्तुगालने नकारार्थी उत्तर दिले. गोवा हा लिस्बनइतकाच पोर्तुगालचा भाग आहे, अशी त्याची भूमिका होती.

६.
हा वाद तीन वेगवेगळ्या व्यासपीठांवर मतास गेला आणि तिन्ही ठिकाणी मोजणीची रीत निराळी होती. पहिले व्यासपीठ हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालय. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे भारतीय भूमीतून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दाखल केला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, हे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य केले. सशस्त्र दले व पोलीस यांना तो हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी.

७.
येथे मत देणारे देश नव्हते, न्यायाधीश होते. तरीही दोन्ही पक्षांना या खटल्यापुरता आपला एक न्यायाधीश नेमता आला. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांना नेमले; पोर्तुगालने फर्नांडिस यांना. निकालाला दोघांनीही आपापले भिन्नमतपत्र जोडले. एकाच खटल्यातील तीन प्रश्नांवर तीन वेगळी बहुमते पडली, यातून पहिला धडा मिळतो. ‘भारत जिंकला की हरला’ हा प्रश्न घेऊन नोंद वाचू नये. नेमका कोणता प्रश्न मतास टाकला होता, हे आधी पाहावे.

८.
दुसरे व्यासपीठ आमसभा. येथे लहानमोठ्या प्रत्येक देशाला एक मत असते आणि नकाराधिकार कोणालाच नसतो. १९६० या एका वर्षात सतरा नवे देश सदस्य झाले. त्यांपैकी सोळा आफ्रिकेतील होते. सभागृहाचा रंगच पालटला. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य देण्याविषयीचा ठराव क्रमांक १५१४ मतास आला. ८९ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आणि ९ तटस्थ.

९.
‘विरोधात शून्य’ हा आकडा फसवा आहे. जे नऊ देश तटस्थ राहिले त्यांची नावे पाहावीत : पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियम, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि डोमिनिकन प्रजासत्ताक. यांतील बहुतेकांच्या ताब्यात तेव्हा परक्या भूमी होत्या. वसाहतवादाच्या बाजूने जाहीरपणे हात वर करणे १९६० मध्ये कोणालाही परवडणारे नव्हते. म्हणून हात खाली ठेवला गेला. तटस्थतेचा अर्थ दर वेळी ‘मत नाही’ असा होत नाही. कित्येकदा तो लाजेकाजेस्तव दिलेला नकार असतो.

१०.
दुसऱ्याच दिवशी, १५ डिसेंबरला, आमसभेने ठराव क्रमांक १५४२ संमत केला. बाजूने ६८, विरोधात ६ आणि तटस्थ १७. पोर्तुगालच्या ताब्यातील कोणते प्रदेश अस्वायत्त आहेत याची यादीच त्यात होती. अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्यासोबत गोवा आणि त्याला जोडलेले प्रदेशही होते. ‘सागरपार प्रांत’ हा शब्द आमसभेने अशा रीतीने बाजूला सारला. आदल्या दिवशी तत्त्वापुरत्या पडलेल्या ८९ मतांपैकी वीसेक मते, विशिष्ट देशाचे नाव येताच, गळाली. तत्त्वाला होकार देणे सोपे असते. बोट दाखवताना हात जड होतो.

११.
तिसरे व्यासपीठ सुरक्षा परिषद. १७ आणि १८ डिसेंबर १९६१ च्या मधल्या रात्री भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ सुरू केले. गोवा, दमण आणि दीव या तिन्ही ठिकाणी कारवाई झाली. पोर्तुगालने तातडीने परिषदेकडे तक्रार केली आणि १८ डिसेंबरलाच न्यूयॉर्कमध्ये बैठक बसली. ती रात्री उशिरापर्यंत चालली. तिथे रात्र होती तेव्हा गोव्यात १९ तारखेची सकाळ उजाडलेली होती आणि भारतीय सैनिक पणजीत शिरत होते.

१२.
त्या काळी परिषदेत अकरा सदस्य असत. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि चीन हे पाच स्थायी सदस्य होते. ‘चीन’ची खुर्ची बीजिंगच्या नव्हे तर तैपेई येथील सरकारच्या ताब्यात होती, हे विसरता कामा नये. सहा अस्थायी सदस्य होते : सिलोन, चिली, इक्वेडोर, लायबेरिया, तुर्कस्तान आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे नासर यांचा इजिप्त. भारत सदस्य नव्हता. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांना बोलण्याची मुभा होती, हात वर करण्याची नव्हती. पोर्तुगालच्या प्रतिनिधीचीही स्थिती तीच.

१३.
त्या दिवसाचे पहिले मतदान बहुतेक लोक विसरतात. पोर्तुगालची तक्रार कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी काय, असा तो प्रश्न होता. ही कामकाजाची बाब असल्याने तिथे नकाराधिकार चालत नाही. बाजूने ७, विरोधात २ : सोव्हिएत संघ आणि सिलोन. लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक तटस्थ राहिले. हे दोन्ही देश पुढे काही तासांतच भारताच्या बाजूने मत देणार होते. मग तक्रार ऐकण्यासच विरोध का केला नाही? लहान राष्ट्रांना परिषदेचे दार कधीतरी स्वतःलाच ठोठवावे लागते. ते दुसऱ्याच्या तोंडावर बंद करण्यास ती कचरतात, असा अर्थ येथे लावता येतो. भारताची बाजू त्यांना पटली होती, पण तक्रार ऐकूनच न घेणे पटले नव्हते.

१४.
मग वाद झाला. झा यांचे म्हणणे असे, की हा प्रश्न आक्रमणाचा नाही. एका वसाहतीच्या अखेरीचा आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी तलवारीने घेतलेल्या भूमीवर हक्क निर्माण होत नाही आणि आमसभेने वर्षापूर्वीच त्यावर निर्णय दिला आहे. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांचा रोख वेगळा होता. वसाहतवादाचे समर्थन त्यांनी केले नाही. सनदेने बळाचा वापर निषिद्ध मानला आहे, तो नियम आज मोडू दिला तर ही संस्थाच मरणपंथाला लागेल, असा त्यांचा इशारा होता. एकाच घटनेची ही दोन नावे होती. कोणते नाव मान्य करायचे, यावर मत ठरणार होते.

१५.
दोन ठराव समोर आले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्या ठरावाने बळाच्या वापराबद्दल खेद व्यक्त केला होता; लढाई ताबडतोब थांबवावी आणि भारताने आपले सैन्य १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी मागे न्यावे, अशी मागणी केली होती. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या ठरावाने पोर्तुगालची तक्रार फेटाळावी असे म्हटले होते. पोर्तुगालने वैरभावाची कृत्ये थांबवून भारतातील आपल्या वसाहती संपवण्यास सहकार्य करावे, असेही त्यात होते.

१६.
निकाल एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखे लागले. तीन देशांच्या ठरावाला बाजूने ४ आणि विरोधात ७. तो फेटाळला गेला. पाश्चात्त्य ठरावाला बाजूने ७ आणि विरोधात ४. सात म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, चीन, तुर्कस्तान, चिली आणि इक्वेडोर. चार म्हणजे सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. विरोधातील चारांत एक स्थायी सदस्य होता, म्हणून सात मते मिळूनही ठराव पडला.

१७.
येथे आकडेमोड नीट करावी लागते. अकरा सदस्यांच्या परिषदेत ठराव संमत होण्यासाठी किमान सात मते लागत. (१९६५ मध्ये सदस्यसंख्या पंधरा झाली आणि ही मर्यादा नऊवर गेली.) पाश्चात्त्य ठरावाला नेमकी सात मते होती, एकही जास्त नाही. म्हणजे नकाराधिकार खरोखरच निर्णायक ठरला. तो वापरला गेला नसता तर भारताने सैन्य मागे घ्यावे, अशी परिषदेची अधिकृत मागणी इतिहासात नोंदली गेली असती. पण सातांपैकी एखाद्याही देशाने हात खाली ठेवला असता, तर नकाराधिकाराची गरजच उरली नसती. ठराव सहा मतांवर आपोआप पडला असता.

१८.
सातवा हात आला कुठून, हे शोधताना दोन वर्षे मागे जावे लागते. १९५९ मध्ये परिषदेच्या एका जागेसाठी पोलंड आणि तुर्कस्तान यांच्यात आमसभेत चुरस झाली. गुप्त मतदानाच्या एकामागून एक पन्नासहून अधिक फेऱ्या होऊनही कोणालाच दोन-तृतीयांश मते मिळेनात. अखेर तडजोड झाली : १९६० चे वर्ष पोलंडने बसायचे, १९६१ चे तुर्कस्तानने. ही वाटणी उलटी झाली असती, तर डिसेंबर १९६१ मध्ये त्या खुर्चीवर सोव्हिएत गोटातील पोलंड असता आणि पाश्चात्त्य ठरावाला सात मते मिळणे फार अवघड झाले असते. ती तडजोड करणाऱ्यांच्या मनात गोवा असण्याचे काही कारण नव्हते.

१९.
लायबेरियाची खुर्चीही अशीच वाटून घेतलेली होती. १९६२ मध्ये ती आयर्लंडकडे गेली. जून १९६२ मध्ये काश्मीरविषयीचा ठराव परिषदेत मांडला तो याच आयर्लंडने, आणि तो रोखायला सोव्हिएत संघाला पुन्हा नकाराधिकार वापरावा लागला. सहा महिन्यांत खुर्ची तीच राहिली, बसणारा बदलला. मतदानाच्या नोंदी वाचताना त्या दिवशी कोण बसले होते, हा प्रश्न कोणी काय म्हटले याइतकाच महत्त्वाचा असतो.

२०.
आता मुख्य तपासणी. ठराव क्रमांक १५१४ ची नोंद आणि सुरक्षा परिषदेची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. भारताची बाजू घेणाऱ्या चारही देशांनी १९६० मध्ये वसाहतवादाविरुद्ध मत दिले होते. त्यात नवल नाही. विरोधातील सातांपैकी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स तेव्हा तटस्थ होते. त्यातही नवल नाही. उरले चार : चिली, इक्वेडोर, तुर्कस्तान आणि चीन. या चौघांनीही वर्षभरापूर्वी वसाहती संपल्या पाहिजेत म्हणून हात वर केला होता. तेच हात आता भारताने सैन्य मागे घ्यावे म्हणून वर गेले.

२१.
यावरून त्यांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे. परंतु चिली आणि इक्वेडोर हे स्वतः स्पेनच्या जोखडातून सुटलेले देश होते. शेजारच्या बलाढ्य राष्ट्राचे सैन्य सीमा ओलांडून येते तेव्हा काय होते, याचा लॅटिन अमेरिकेला दीर्घ अनुभव होता. बळाच्या वापरावरील बंदी हे तिथल्या दुर्बल देशांचे कवच होते. तुर्कस्तान हा पोर्तुगालप्रमाणेच नाटोचा सदस्य होता. तैपेई सरकारची खुर्ची अमेरिकेच्या पाठिंब्यावर टिकून होती. चौघांची मते एक, कारणे मात्र निरनिराळी असावीत. नोंदवहीत कारणांसाठी रकाना नसतो. ती भाषणांत, करारांत आणि भूगोलात शोधावी लागतात.

२२.
म्हणून ‘सारे जग भारताच्या बाजूने होते’ हे खरे नाही. परिषदेत बहुमत विरोधात होते. ‘एकट्या रशियाने वाचवले’ हेही पुरेसे नाही. आशिया आणि आफ्रिकेतून आलेल्या तिन्ही निवडून आलेल्या सदस्यांनी, सिलोन, लायबेरिया व इजिप्त यांनी, भारताला साथ दिली होती. त्या तीन मतांमुळे हा प्रश्न केवळ शीतयुद्धाचा राहिला नाही. शिवाय ठराव पडला याचा अर्थ परिषदेने भारताला मान्यता दिली असाही होत नाही. परिषद काहीच बोलू शकली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२३.
परिषद अडली की प्रश्न आमसभेत नेण्याची वाट १९५० पासून उपलब्ध होती. गोव्याच्या बाबतीत ती कोणी धरली नाही. त्या सभागृहात तेव्हा १०४ सदस्य होते आणि वसाहतवादाविषयी त्यांचे मन काय होते, हे लगेचच दिसले. १९ डिसेंबर १९६१ रोजी आमसभेने ठराव क्रमांक १६९९ संमत करून, आपल्या ताब्यातील प्रदेशांविषयीचे कर्तव्य पाळत नसल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध केला. विरोधातील मते एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. त्याच दिवशी संध्याकाळी गोव्यात गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. एकाच शहरातील एकाच संस्थेच्या दोन सभागृहांनी चोवीस तासांच्या आत दोन वेगळी चित्रे दाखवली. एका चित्रात भारत कठड्यात होता, दुसऱ्यात पोर्तुगाल.

२४.
या प्रकरणातील खरा पेच मात्र मतमोजणीने सुटत नाही. चौदा वर्षे भारताने जगाला शांततेच्या मार्गाचा आग्रह केला होता आणि सनदेतील बळाच्या वापरावरील बंदी भारतालाही लागू होती. दुसरीकडे, ज्या सत्तेने निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वाटाघाटींना सतत नकार दिला, तिच्यापुढे आणखी किती काळ हात जोडून उभे राहायचे, हा प्रश्नही तितकाच खरा होता. पोर्तुगालमध्ये १९७४ साली हुकूमशाही कोसळली तेव्हा नव्या सरकारने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. तोपर्यंत सुरक्षा परिषदेतील ते सात हात कागदावर तसेच वर राहिले होते.

२५.
हेग, आमसभा आणि सुरक्षा परिषद या तिन्ही ठिकाणच्या मोजणीत एका पक्षाचे मत कुठेच नाही : गोव्यातील माणसाचे. सार्वत्रिक मतदानाचा हक्क त्याला मिळाला तो डिसेंबर १९६३ च्या विधानसभा निवडणुकीत. त्यातून दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्यानंतर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने.

२६.
वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. महाराष्ट्रातील अनेकांना हा निकाल जिव्हारी लागला. परंतु तो मान्य करावा लागला, कारण या वेळी मत देणारे त्या भूमीवर राहणारेच होते. सुरक्षा परिषदेतील अकरा देशांपैकी प्रत्येकाने काय केले हे आजही नावानिशी सांगता येते. त्या तीन लाखांहून अधिक मतदारांपैकी कोणाचे मत कुठे पडले, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि गोव्याचे पुढचे वीस वर्षांचे भवितव्य, १९८७ मध्ये घटकराज्य होईपर्यंत, त्यांच्याच मतांनी ठरले.